बेंजो गोल नसतो

"मालक कधी येतात?" हा प्रश्न मला गेली नऊ वर्षं विचारला जातो आहे. मी दुकानात बसलेली असते, हातात पक्कड असते, समोर पोट उघडलेला बेंजो असतो, आणि समोरचा माणूस माझ्या डोक्यावरून आतल्या पडद्याकडे बघत हा प्रश्न विचारतो. पहिली दोन वर्षं मी सांगायची, "मीच मालक आहे." मग तो माणूस समजूतदारपणे हसायचा आणि बाकावर बसून मालकांची वाट बघायचा. आता मी सांगते, "मालक वारले. काम बोला." यात खोटं काही नाही. ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले ते मामा खरंच वारले, आणि दुकान मी चालवायला घेतलं. पण त्या एका वाक्याने माणूस एकदम गंभीर होतो, बाकावर बसत नाही आणि मुद्द्यावर येतो.

दुसरा त्रास फोनचा. हल्ली गिऱ्हाईक दुकानात शिरण्याआधीच शिकून येतं. फोनवर बँजो असं टाकून त्याने एक चकचकीत गोल वाद्य पाहिलेलं असतं. डफाला लांब दांडा लावावा तसं. टोपी घातलेला कोणी गोरा मनुष्य ते मांडीवर घेऊन वाजवत असतो. मग हे महाशय माझ्या दुकानातल्या फळ्यांवर नजर फिरवतात आणि म्हणतात, "तुमच्याकडे ओरिजिनल बेंजो नाही वाटतं."

ओरिजिनल! ज्या जिल्ह्यात हळदीला, पालखीला आणि गणपतीला बेंजो वाजल्याशिवाय पाय उचलत नाही, त्या जिल्ह्यातल्या माणसाने हे म्हणावं याचा मी इथे जाहीर निषेध करते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एकदाच आणि नीट सांगते. त्या लोकांचा बँजो गोल असतो, हे मान्य. गोल कड्यावर ताणलेलं चामडं किंवा प्लास्टिक, त्याला दांडा, दांड्यावर तारा. आपला बेंजो गोल नसतो. आपला बेंजो म्हणजे लांबट, पोकळ लाकडी पेटी. वर पोलादी तारा. एका टोकाला खुंट्या, त्या पिळून तार सुरात आणायची. दुसऱ्या टोकाला घोडी, म्हणजे तारा ज्या अरुंद पट्टीवर टेकतात ती. मधल्या भागात टाइपरायटरसारखी बटणं. बटण दाबलं की त्याखालची पट्टी तारेवर बसते, तारेचा वाजणारा भाग आखूड होतो आणि सूर चढतो. डावा हात बटणांवर, उजव्या हातात नखी, म्हणजे तार छेडायचा छोटासा तुकडा. संपलं. दोघांचं नाव एक कसं झालं हे मला विचारू नका. एका नावाची दोन माणसं गावागावात असतात. त्यातल्या एकाला ओरिजिनल म्हणत नाहीत.

आता माझ्याविषयी थोडं, कारण त्याशिवाय पुढची चूक कळणार नाही. माझे वडील मिरजोळ्याच्या एका कारखान्यात होते आणि कामगारांची पत्रकं लिहायचे. आमच्या घरात मासिकं येत नसत, पत्रकं येत. मी बाराखडी गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. दुसरीत असताना शाळेच्या पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं, तर मी वहीच्या पानावर "झाकण झालेच पाहिजे" असं लिहून ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवलं होतं. अशा घरात वाढलेल्या माणसाला एक खोड लागते. त्याला वाटतं की जगातली कुठलीही गोष्ट एका पानात, क्रमांक घालून, उद्गारचिन्हासह सांगता येते.

त्यामुळे दुकान हातात आल्यावर मी पहिलं काम केलं ते पत्रक काढण्याचं. "नवशिक्यांनो, बेंजो घेण्यापूर्वी हे वाचा!" नेहमीच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रती काढून आणते आणि येईल त्याच्या हातात देते. त्यात लिहिलंय की दिवे लागणारा बेंजो घेऊ नका, दिव्यांना सूर नसतो. पेटी डोळ्यांच्या रेषेत धरा आणि सगळी बटणं एका उंचीवर आहेत का बघा. प्रत्येक बटण दाबून सोडा, ते लगेच वर आलं पाहिजे, लाडावलेल्या मुलासारखं खाली बसून राहता कामा नये. तार छेडून खुंटीवरचा हात काढा, थोडा वेळ गप्पा मारा, पुन्हा छेडा. सूर उतरला असेल तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा. आणि सगळ्यात शेवटी, जाड अक्षरात: "पहिलं वर्ष पिकअप नाही!"

पिकअप म्हणजे तारांखाली बसवायचा एक लोहचुंबकाचा तुकडा. तो तारेची थरथर वायरीत घालतो, वायर स्पीकरला जाते आणि आवाज गावभर होतो. मिरवणुकीतल्या सगळ्या बेंजोंना तो असतोच. पण नवशिक्याला तो देऊ नये असं माझं ठाम मत. आवाज मोठा झाला की चूक मोठी होते, आणि मोठ्या चुकीची पुढे सवय होते. शिवाय खरं सांगायचं तर मला ते मोठे स्पीकर लावलेल्या गाड्यांचं प्रकरणच मान्य नाही. त्याविरुद्ध माझं एक स्वतंत्र पत्रक आहे. काळीज हादरवणाऱ्या त्या भिंतींपुढे नाचताना आपलं गाणं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं हेही कळत नाही. आधी हात तयार करा, मग आवाज. हे तत्त्व मी कित्येक गिऱ्हाइकं गमावून पाळलं.

गमावलेली गिऱ्हाइकंही बघा कसली. एक निवृत्त साहेब आले होते. पंधरा दिवसांत बेंजो "पूर्ण" करायचा होता, कारण सोळाव्या दिवशी नातवाकडे परदेशी जायचं होतं. मी म्हटलं, बेंजो काही बारावीचा पोर्शन नव्हे. ते म्हणाले, "तुमच्या मालकांशी बोलतो." एक नवरदेव आला होता, त्याला बेंजोवर स्वतःचं आणि नवरीचं नाव उमटवून हवं होतं, वाजवणार मात्र त्याचा मावसभाऊ. बुरोंडीकडचे एक खलाशी तर चांगला बेंजो होडीत ठेवून समुद्रावर नेत. बटणं सगळी गंजून एकजीव झालेली. मी म्हटलं, "दादा, खाऱ्या वाऱ्यात हा टिकतो का?" ते शांतपणे म्हणाले, "मी टिकतोय नि." त्यांना मात्र मी गमावलं नाही. तीन दिवस बसून एकेक बटण सोडवलं, पट्ट्या घासल्या, स्प्रिंगा बदलल्या आणि जुन्या चादरीची खोळ शिवून दिली. अजून वाजतोय त्यांचा.

तर मुद्द्यावर येते. भातलावणी आटोपली होती आणि श्रावण तोंडावर आला होता. दुपारी एक बाई दुकानाच्या पायरीवर आल्या. चाळिशीच्या असतील. साडीचा काठ चिखलाने भिजलेला, एका हातात छत्री आणि दुसऱ्या हाताने कमरेवर तोललेला भला मोठा खोका. आत येऊन त्यांनी खोका माझ्यापुढे ठेवला. मालकांची चौकशी केली नाही. तिथेच मला बाई आवडल्या.

"ताई, ह्याच्यात काय हाय ते जरा सांगा," त्या म्हणाल्या. "ह्यांनी मुंबईसून धाडलानी. बेंजो म्हणून."

खोक्यातून निघाला गोल बँजो. दांडा, पाच तारा, पाठीमागे चकचकीत लाकडी झाकण. वस्तू म्हणून सुंदर होती, खोटं कशाला बोलू. बाई त्याच्याकडे पुरणपोळीच्या ताटात कारलं वाढल्यासारखं बघत होत्या.

"ह्याची बटणं खंय लपवलानी?" त्यांनी विचारलं.

"याला बटणं नसतात."

"मग दाबायचं काय?"

"तार. बोटाने, दांड्यावर."

त्यांनी पाचव्या तारेवर बोट ठेवलं. ती तार त्या वाद्यात बाकीच्या चौघींबरोबर टोकापासून निघत नाही, दांड्याच्या मधल्याच एका खुंटीवरून सुरू होते. "ही गो कशी अर्ध्यातसून निघाली? हिला एस्टी चुकली काय?"

नऊ वर्षांत या वाद्याचं इतकं अचूक वर्णन मी ऐकलेलं नाही.

त्यांचं नाव सुनंदावहिनी. पालीपासून आत त्यांची वाडी. हकीकत अशी होती. वाडीतले पुरुष बहुतेक मुंबईला, तेही गणपतीला चार-पाच दिवस येणार. वाडीची बेंजो पार्टी होती, पण वाजवणारा नोकरीला मुंबईला गेला आणि बेंजोही घेऊन गेला. गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या विसर्जनाला मुंबईकरांनी स्पीकरची गाडी आणली. तिच्यावर जी गाणी वाजली त्यांवर गौरीपुढे फुगडी घालता येईना. बायका पऱ्यापर्यंत, म्हणजे खालच्या ओढ्यापर्यंत, नुसत्या चालत गेल्या, जत्रेत हरवल्यासारख्या. यंदा वाडीच्या बैठकीत वहिनी उठून म्हणाल्या की गाडी नको, आम्ही बायका वाजवू. ढोल-ताशा शिमग्याचे आहेतच. बेंजो मी शिकते. सगळे हसले. मुंबईकर मंडळाचे प्रमुख म्हणजे त्यांचे चुलतदीर, दत्ताभाऊ, बैठकीपुरते आले होते. ते म्हणाले, "वाजवा. पण गाडी आम्ही सांगून ठेवणार. वाजलं नाय तर गाडी सुरू. आनि मग दरवर्षी गाडी, पुन्हा बैठकीत हा विषय नाय."

"दीड महिना हाय हातात," वहिनी म्हणाल्या. "नायतर मी वाडीत तोंड उघडायचं बंद."

आधी त्या गोल पाहुण्याची सोय लावायची होती. परत पाठवायची मुदत शिल्लक होती. पण वहिनींचा जीव अडकला होता तो यजमानांच्या मनात. त्यांनी हौसेने धाडलेलं. त्यांनी दुकानातूनच यजमानांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खोक्यावर धरला.

"पोचला काय?" यजमान खुशीत होते. "बघ, कसा गोल गरगरीत हाय! फॉरेनचा!"

"आवो, बेंजो गोल नसतो."

"असं कसं? फोटोखाली तसंच लिवलेलं. तारापन दिसल्या."

"तारा कपडे वाळत घालायलापन असतात."

पलीकडे यजमानांनी डोकं खाजवलं. मग त्यांनी पडलेल्या आवाजात विचारलं, "मग वाजत नाय काय तो?"

वहिनींचा आवाज एकदम मऊ झाला. "वाजतो ओ. चांगला वाजत असंल. पन आपल्यात नाय वाजत." मग माझ्याकडे बघून, फोनवर हात ठेवून, "ताई, तुमी सांगा की तो चांगला हाय."

मी कॅमेऱ्यात बघून सांगितलं की वस्तू उत्तम आहे, फक्त काम वेगळं आहे. यजमान म्हणाले, "मॅडम, जरा मालकांना द्या ना."

असो. गोल पाहुणा परत गेला.

मग वहिनींनी बेंजो निवडला, आणि मला आजही कौतुक वाटतं की तो त्यांनी निवडला, मी नाही. पत्रक वाचून त्यांनी एकेक पेटी भात पाखडायच्या सुपासारखी डोळ्यांसमोर आडवी धरली. बटणं दाबून सोडली. एका पेटीत मधलं बटण खाली बसून राहिलं तर म्हणाल्या, "ही आळशी." दुसरीच्या खुंट्या सैल. तिसरी साधी, रंग उडालेली, पण तार छेडल्यावर पेटीच्या पोटातून आवाज गोळा होऊन आला. ती त्यांनी मांडीवर घेतली ती खाली ठेवलीच नाही.

मग त्यांनी विचारलं, "ह्याला स्पीकरची वायर खंय लावायची?"

"याला नाही. पहिलं वर्ष पिकअप नाही." मी पत्रकातल्या जाड अक्षरांवर बोट ठेवलं.

"पन मला पऱ्यापर्यंत वाजवायचं हाय."

"आधी हात बसू दे, वहिनी. आवाज मागून येतो."

"मागून म्हणजे कधी? गौरी काय माझ्यासाठी थांबनार?"

मी त्यांना तत्त्व समजावलं. चूक मोठी होते वगैरे. शिवाय ज्या स्पीकरविरुद्ध तुम्ही उभ्या आहात, तोच तुम्हाला कसा हवा, असंही विचारलं. हा मुद्दा मला फार बिनतोड वाटला होता. वहिनींनी पत्रकाची घडी घातली. मग म्हणाल्या, "तुमी शिकलेल्या हाव. म्हणताव तर असंल." त्यांनी पिशवीत बेंजो घातला. त्या वाक्यात होकार नव्हता, हे मला कळायला हवं होतं. वडिलांच्या कारखान्यातले कामगार साहेबांना नेमकं असंच म्हणत.

दर मंगळवारी त्या एस्टीने येत. शिकवणं माझं काम नव्हे, पण बटणाखाली काय घडतं ते कळलं की निम्मं शिकणं होतं. त्यांचा त्रास वेगळाच होता. लावणी केलेली बोटं. त्या बटण दाबत नसत, रोप खोचावं तसं खोचत. दोन मंगळवारांत तीन पट्ट्या वाकल्या. मी वैतागून म्हटलं, "वहिनी, तार खाली आहे, चिखल नाही!" त्या म्हणाल्या, "बोटांना कुनीतरी सांगा." मग मी बटणांखाली कागदाचा कपटा ठेवला आणि सांगितलं की कागद ओढल्यावर निसटेल इतकं हलकं दाबायचं. चौथ्या मंगळवारी कागद निसटला आणि फुगडीची एक चाल अखंड बाहेर आली. बाहेरच्या केळीवाल्याने आत डोकावून विचारलं, "मालक आले काय?"

त्याच दिवशी जाताना त्या म्हणाल्या होत्या, "ताई, घरात वाजवलं तर मागच्या दारी ऐकू येत नाय हो." आणि मी म्हटलं होतं, "सुरात आहे ना? मग झालं." हे वाक्य मी लिहिते आहे कारण ते मी बोलले होते, आणि कुणी विसरलं तरी मी विसरता कामा नये.

विसर्जनाच्या दिवशी वहिनींनी जेवायला बोलावलं होतं. मी स्कूटरवरून गेले. चार वाजता सगळ्या घरांतले गणपती आणि गौरी खालच्या अंगणात जमल्या. पाऊस भुरभुरत होता. वाटेच्या कडेला स्पीकरची गाडी उभी होती, आणि तिचा ड्रायव्हर बाबू स्टेअरिंगवर हात ठेवून पेंगत होता. वहिनींनी बेंजो पट्ट्याने गळ्यात अडकवला. त्यांच्या जावेची मैत्रीण मंदाताई आणि आणखी तिघी ढोल-ताशावर. एकीने बेंजोवर छत्री धरली. यजमान समोर फोन उभा धरून चित्रण करत होते.

वहिनींनी मान हलवली. ढोल पडला. आणि बेंजो नाहीसा झाला.

मी चार हातांवर उभी होते. मला वहिनींची बोटं दिसत होती, हलकी, अगदी कागद निसटेल इतकी हलकी. नखी तारेवर नेमकी पडत होती. एकही सूर ऐकू येत नव्हता. फुगडीला उभ्या राहिलेल्या बायका हात धरून एकमेकींकडे बघत होत्या. चाल कुठली, पाऊल कधी टाकायचं, कळायला मार्ग नव्हता. मंदाताई ऐकू येईना म्हणून अंदाजाने वाजवू लागली आणि आणखी जोरात वाजवू लागली.

"वहिनी, वाजवताव की नुसतं दाबताव?" मुंबईकरांतून कुणीतरी ओरडलं. हशा झाला. यजमानांनी फोन खाली घेतला.

दत्ताभाऊ वाईट माणूस नव्हते. ते जवळ आले आणि हळू म्हणाले, "वहिनी, प्रयत्न केलात. ठरलेलं तसं करूया." आणि गाडीकडे वळून त्यांनी हात वर केला. बाबू जागा झाला.

वहिनींनी वाजवणं थांबवलं. दत्ताभाऊंकडे त्यांनी पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "बाय," त्या म्हणाल्या. दीड महिन्यात पहिल्यांदाच ताई नाही, घरातल्या पोरीला म्हणावं तसं बाय म्हणाल्या. "तुझ्या कागदावरचं सगळं बरोबर हाय. पन तो कागद दुकानात बसून लिवलेला. हितं ढोल हाय."

माझ्यावर आजवर टीका पुष्कळ झाली आहे. तिच्यातल्या एकीलाही उत्तर द्यायचं मी सोडलेलं नाही. ही टीका मात्र खरी होती. मी वाद जिंकले होते आणि त्याची किंमत ही बाई भर अंगणात मोजत होती.

तेवढ्यात गाडीतून "हॅलो, हॅलो, चेक" आलं. बाबूच्या हातात माईक होता.

मी पळत गेले. "बाबूभाऊ, माईक द्या. गाणं लावू नका, नुसता माईक."

"बाई, तुमी कोन?"

"बेंजोची मालक!" मी ओरडले. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणाचा विश्वास बसला.

माईकची वायर गाडीच्या खिडकीतून जेमतेम बॉनेटच्या पुढे येत होती. मागे, स्पीकरच्या तोंडासमोर गेलं की ते कर्कश शिटी मारायचे, म्हणून आम्हाला गाडीच्या पुढेच राहावं लागलं. मी वाकले आणि माईक बेंजोच्या घोडीजवळ धरला, कारण तारेचा आवाज पेटीत उतरतो तो तिथून. "वाजवा, वहिनी."

पहिला सूर स्पीकरमधून आला तेव्हा मंदाताईचा हात ढोलावर थबकला. मग सगळी चाल आली. खालच्या शेतांवरून जाऊन परत आली. फुगडीचे हात आवळले गेले आणि पावलं पडली.

पण माईक माणूस ओळखत नाही. तो सगळंच गोळा करतो. बटणांची टकटक, छत्रीवरचा पाऊस, आणि वहिनींचं तोंड. वहिनींना सवय, वाजवताना बोलत राहायची. त्यामुळे अख्ख्या वाडीने बेंजोबरोबर हेही ऐकलं: "एक, दोन, आता वरचं... गो मंदा, हळू, म्हशीमागं लागलीस काय... छत्री सरळ धर, पानी तारंवर पडतंय... आवो, तुमी बाजूला व्हा ना, फोन काय तोंडात घालताव माझ्या!" यजमान तीन पावलं मागे उडाले आणि बायका फुगडी सोडून हसत बसल्या.

बेंजो पुढे, त्यामागे हळूहळू सरकणारी गाडी, आणि तिच्या मागे डोक्यावर गणपती घेतलेले मुंबईकर, असा क्रम त्या वाटेवर आजवर कुणी पाहिला नव्हता. मी पऱ्यापर्यंत अर्धवट वाकून, आडवी आडवी, खेकड्यासारखी चालत गेले. एका हातात माईक, दुसऱ्याने वायर. स्पीकरच्या गाडीविरुद्ध पत्रक काढणारी बाई त्याच गाडीचा माईक धरून. तत्त्वाची पाठ दुखते तेव्हा कशी दुखते हे मला त्या दिवशी नेमकं कळलं. वाटेत दोनदा सूर उतरला, एकदा नखी निसटून चिखलात गेली आणि वहिनींनी केसांतली पिन काढून तिने चाल पुढे नेली. त्या पिनेचा आवाज चांगला नव्हता. चाल तुटली नाही.

पऱ्यावर आरती झाली. एकेक करून गौरी आणि गणपती पाण्यात गेले. ओल्या कपड्यांनी सगळे काठावर उभे होते. दत्ताभाऊ वहिनींजवळ आले. दोन वेळा खाकरले.

"वहिनी," ते म्हणाले, "मग पुढल्या वर्षी गाडी सांगायची, का नको?"

वहिनींनी बेंजोवरचं पाणी पदराने टिपलं. घाई केली नाही.

"सांगा," त्या म्हणाल्या. "गाडी हवी. गाणी नकोत. आनि ही बाय माझ्या बेंजोला तो पिकअप बसवून देनार हाय, ह्याच आठवड्यात. तिनं कबूल क्येलान."

मी काही कबूल केलं नव्हतं. मी अजून वाकलेली होते, माईक घोडीजवळ होता, आणि तो चालू आहे हे आम्हा दोघींपैकी फक्त एकीच्याच लक्षात होतं, आणि ती मी नव्हते. पऱ्यापलीकडच्या वाडीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.